वेष आणि सोय



घराघरांतून रोज सकाळीं एक लहानसा वाद होत असतो. शाळेला निघालेला मुलगा, कचेरीस निघालेले वडील, बाहेर जावयास निघालेली मुलगी किंवा सून, यांपैकीं कोणाच्या तरी अंगावरील कपड्याकडे घरांतील वडीलधाऱ्या माणसाची नजर जाते आणि उद्गार निघतो, ‘हा काय वेष?’ उत्तरही ठरलेलेंच असतें, ‘यांत बरें वाटतें.’ या दोन वाक्यांतून दोन पिढ्या एकमेकींशीं बोलत असतात. एक विचारते, लोक काय म्हणतील? दुसरी विचारते, अंगाला काय वाटेल? या वादाचा निकाल देण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु हा वाद गेल्या दीडशें वर्षांत आपल्या मराठी मुलखांत कसा चालत आला, आणि ज्या कपड्यांत आज आपण सुखानें वावरतों ते कपडे किती जणांनीं उपहास सोसून आपल्या पदरांत टाकले आहेत, एवढें मात्र सांगावें असें वाटतें.

प्रथम जुन्या पोशाखास न्याय दिला पाहिजे. धोतर, उपरणें, अंगांत बाराबंदी किंवा अंगरखा आणि डोक्यास पगडी अथवा पागोटें हा पुरुषांचा वेष. नऊ वारांचें लुगडें आणि चोळी हा स्त्रियांचा. यांतील धोतर, उपरणें व लुगडें हीं न शिवलेलीं वस्त्रें. आपल्यासारख्या उष्ण देशांत न शिवलेल्या सुती वस्त्राची सोय मोठी असते. तें विहिरीवर धुवावें, वाऱ्यावर वाळवावें आणि पुन्हां नेसावें. माणूस जाड झाला काय किंवा वाळला काय, तें बेतास येतें. आईचें मुलीस चालतें, सासूचें सुनेस चालतें, आणि विरलें म्हणजे त्याचीं दुपटीं व गोधड्या होतात. कासोटा घालून नेसलेलें लुगडें हा तर उद्योगी स्त्रीचा वेष होय. भाताच्या खाचरांत गुडघाभर चिखलांत लावणी करणारी कुणबीण आणि डोक्यावर टोपली घेऊन झपाट्यानें बाजार गांठणारी कोळीण यांना दोन्ही पाय मोकळे ठेवणारें वस्त्र हवें होतें, आणि तें कासोट्यानें दिलें. सुमारें सव्वाआठ मीटर कापड अंगाभोंवतीं असूनही चालणें, वाकणें, चढणें यांस अडथळा येऊं नये, हें त्या नेसण्यांतील कौशल्य आहे. तेव्हां जुनें तितकें गैरसोयीचें आणि नवें तितकें सोयीचें, असें समजण्याचें कारण नाहीं.

परंतु सोयीच्या वेषावरही कालांतरानें प्रतिष्ठेचीं पुटें चढत जातात. पागोट्याचेंच पहा. पागोटें म्हणजे कापडाची एक लांब पट्टी; ती ज्याची त्यानें डोक्यास गुंडाळावयाची. ऊन लागलें तर तिचा शेव तोंडावर घ्यावा, घाम आला तर पुसावा, वेळप्रसंगीं तिनें मोट बांधावी. पगडी ही त्याच पागोट्याची घट्ट बसविलेली मूर्ति. ती पगडबंदाकडून बांधवून घ्यावी लागे, खुंटीवर जपून ठेवावी लागे, आणि पावसाच्या सरीपासून डोक्यानें तिचें रक्षण करावें लागे! तिच्या घाटावरून माणसाची जात, पेशा आणि गांव हीं लांबूनच ओळखतां येत. डोकें झांकण्याचें वस्त्र अशा रीतीनें डोक्यावरची पाटी बनलें. उघड्या डोक्यानें रस्त्यावर येणें अशुभ, कारण तें सुतकाचें लक्षण. म्हणून चैत्र-वैशाखाच्या उन्हांत सुद्धां सभ्य गृहस्थाची पगडीपासून सुटका नव्हती. आज पुणेरी पगडी केवळ समारंभांत व सत्कारांत दिसते, आणि २००९ सालीं तिला भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. वस्तु रोजच्या वापरांतून गेली म्हणजे तिचा सन्मान करणें सोपें होतें.

इंग्रजी राज्य आल्यावर कचेऱ्या आल्या, शाळा आल्या, आणि शिवलेल्या कपड्याचा प्रसार झाला. मुंबईंतील पहिली कापडाची गिरणी कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं स्थापिली आणि दोन वर्षांनीं ती चालूं झाली. त्याच सुमारास पश्चिमेकडे शिवणयंत्रें निघालीं व पुढें तीं आपल्याकडील शिंप्यांच्या दुकानांतही आलीं. मग आपल्या सुशिक्षित पुरुषांनीं एक तडजोड केली. वर कोट, खालीं धोतर. डोक्यास पगडी, पायांत विलायती बूट. वरचा अर्धा भाग साहेबापुढें उभा राहण्यासाठीं आणि खालचा अर्धा भाग घरीं पाटावर बसण्यासाठीं. या पोशाखाला पुढच्या लोकांनीं पुष्कळ हंसून घेतलें. परंतु मला त्यांत शहाणपणही दिसतें. कोटाला खिसे होते, आणि घड्याळ, लेखणी, कागद बाळगणाऱ्या माणसास खिसा हवाच. धोतरांत मांडी घालून बसतां येतें, आणि तुमानींत तें कठीण. पुरुषांस ही निवड करतां आली व ती कोणास विचारावी लागली नाहीं, हें मात्र ध्यानांत ठेवावें.

स्त्रियांची गोष्ट निराळी होती. सत्येंद्रनाथ ठाकूर हे मुलकी सेवेंत शिरलेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यांत झाली. पुढें ते साताऱ्यास न्यायाधीशही होते. १८६४ सालीं त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी बंगालमधून मुंबईस येण्यास निघाल्या, तेव्हां त्यांच्यापुढें अडचण उभी राहिली ती अशी कीं, अंतःपुरांत नेसण्याचें एकेरी वस्त्र नेसून चारचौघांत वावरावें कसें? मुंबईंत त्यांनीं पारशी स्त्रियांचें नेसणें पाहिलें. आंत परकर, अंगांत पोलकें आणि त्यावर साडी. ही पद्धत त्यांनीं उचलली. मात्र पारशी स्त्रियांचा पदर उजव्या खांद्यावर येई तो त्यांनीं डाव्या खांद्यावर घेतला. कारण साधें होतें. उजवा हात मोकळा पाहिजे. बंगालमध्यें हें नेसणें पसरलें. आज भारतभर जी साडी नेसली जाते तिचें एक मूळ अशा रीतीनें मुंबईंत, एका स्त्रीच्या उजव्या हाताच्या सोयींत आहे.

आतां आपल्या आनंदीबाई जोशी यांची हकीकत सांगतों. १८८३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, वैद्यक शिकण्यासाठीं त्या एकट्या अमेरिकेस निघाल्या. निघण्यापूर्वीं श्रीरामपूर येथें त्यांनीं जाहीर भाषण केलें आणि आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं असें सांगितलें. हिंदु राहणें याचा त्या काळचा अर्थ लोकांच्या मनांत दोन गोष्टींवर येऊन ठरे: ताटांत काय आहे आणि अंगावर काय आहे. फिलाडेल्फियाच्या हिंवाळ्यांत त्यांना प्रत्यक्ष प्रश्न पडला तो असा. कासोट्याच्या नऊवारी लुगड्यांत पोटऱ्या उघड्या राहतात. जें वस्त्र कोंकणच्या खाचरांत वरदान, तेंच बर्फांत संकट. त्यांची खोली थंड होती आणि ती ऊबदार करूं जावें तर धूर कोंडे. विलायती झगा घातला असता तर प्रश्न सुटला असता, परंतु दिलेला शब्द मोडला असता. लुगडें तसेंच ठेवलें असतें तर शब्द राहिला असता, परंतु देह टिकला नसता.

या पेचांतून आनंदीबाईंनीं वाट काढली. त्या गुजराथी पद्धतीची साडी नेसूं लागल्या. तिनें घोट्यापर्यंत पाय झांकले जातात आणि आंत ऊबदार कपडेही घालतां येतात. साडी हिंदुस्थानचीच राहिली, पद्धत मात्र शेजारच्या प्रांताची झाली. हा बदल आज आपणांस क्षुल्लक वाटेल. परंतु समुद्रापलीकडे एकटी असलेली मुलगी, घरून येणारीं पतीचीं पत्रें, प्रत्येक हालचालीवर लक्ष ठेवून असलेले स्वदेशांतील टीकाकार, आणि त्यांत स्वतःच्या अंगाला काय हवें हें स्वतः ठरविण्याचें तिचें धैर्य, हें सर्व मनांत आणलें म्हणजे त्या नेसण्याची किंमत कळते. १८८५ मधील त्यांचें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत त्या साडी नेसून बसल्या आहेत, आणि शेजारीं जपानची व सीरियाची अशा दोन सहाध्यायिनी आपापल्या देशांच्या वेषांत आहेत. ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंना पदवी मिळाली. क्षयानें पोखरलेल्या स्थितींत त्या परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. त्यांच्या मृत्यूचें कारण वेष होतें असें कोणी म्हणूं नये. परंतु रूढीचा भार वेषाच्या रूपानें एका आजारी देहावर किती पडूं शकतो, हें त्यांच्या चरित्रांत स्पष्ट दिसतें.

याच काळांत पुण्यांतील दोन पुरुषांनीं वेषाला बोलावयास लावलें. सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, यांनीं १८७२ च्या जानेवारींत देशी खादीच वापरण्याची शपथ घेतली, आणि १८७७ च्या दिल्ली दरबारांत, जेथें जरतार व रत्नें यांची चढाओढ लागलेली, तेथें ते स्वतः कांतलेल्या सुताच्या साध्या पोशाखांत गेले. दुसरे महात्मा जोतीराव फुले. १८८८ च्या मार्चमध्यें राणीसाहेबांचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठीं पुण्यास मेजवानी झाली. तीस जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या फाटक्यातुटक्या वेषांत हजर राहिले, आणि या झगमगाटावरून देशाची परीक्षा करूं नका, खरी प्रजा खेड्यांत आहे, अशा अर्थाचें भाषण त्यांनीं राजपुत्रासमोर केलें. जोतीरावांना चांगला पोशाख करतां येत नव्हता असें नाहीं. एरवीं ते व्यवस्थित पागोटें व उपरणें घालून असत. तो वेष त्यांनीं त्या दिवसापुरता निवडला होता. निवड करण्याची शक्ति असलेल्या माणसाचा साधेपणा आणि निवडच नसलेल्या माणसाचें दारिद्र्य या दोहोंतील अंतर त्यांना दाखवावयाचें होतें.

पुढें स्वदेशीच्या चळवळींत कापड हें राजकारणच झालें. ऑक्टोबर १९०५ मध्यें पुण्यास आणि ३१ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत परळ येथें विलायती कपड्यांच्या होळ्या पेटल्या. या साऱ्या धामधुमींत एक लहानशी सोयीची वस्तु जन्मास आली, ती म्हणजे पांढरी खादीची टोपी. तिच्यामागील विचार गांधीजींनीं काका कालेलकरांस सांगितला होता, आणि कालेलकर मूळचे साताऱ्याचे म्हणून तो आपल्याकडेही ठाऊक आहे. गांधीजींनीं निरनिराळ्या प्रांतांचीं शिरोवेष्टनें नजरेखालून घातलीं. पागोट्यास कापड फार लागतें. तेवढ्यांत कितीतरी टोप्या होतील. काश्मिरी टोपीचा घाट त्यांना पसंत पडला. ती हलकी, घडी करून खिशांत घालतां येण्याजोगी. रंग पांढरा कां? तर काळ्या टोपींत घाम व मळ लपतो, पांढऱ्यावर तो दिसतो, आणि दिसला म्हणजे धुवावाच लागतो. वेष निवडण्याचा इतका चोख हिशेब क्वचितच कोणी केला असेल. हलकें, स्वस्त, घडीचें आणि स्वच्छतेची सक्ति करणारें! मौज अशी कीं, याच सोयीच्या टोपीची पुढें पुढाऱ्यांच्या डोक्यावर प्रतिष्ठेची पाटी झाली. पगडीचें जें झालें तेंच टोपीचें झालें.

येथपर्यंत मी सोयीची बाजू घेत आलों. परंतु इतिहासांतील एक प्रसंग सोयीच्या पुरस्कर्त्यास विचार करावयास लावतो. डिसेंबर १९२७ मध्यें महाड येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं अस्पृश्य मानलेल्या समाजांतील स्त्रियांपुढें भाषण केलें. त्या स्त्रियांचें लुगडें गुडघ्यांपर्यंत आंखूड असे, आणि अंगावर जड गळसऱ्या व कथलाचांदीचे दागिने असत. बाबासाहेबांनीं सांगितलें कीं, ही नेसण्याची तऱ्हा म्हणजे तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे. ती पुसून टाका, इतर स्त्रियांप्रमाणें घोट्यापर्यंत नेसा, आणि कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा. स्त्रियांनीं लगेच नेसण्याची पद्धत बदलली. आतां कोणी म्हणेल कीं, कष्टाच्या कामास आंखूड लुगडेंच सोयीचें. पण सोय कोणाची? जी सोय दुसऱ्यानें लादलेली असते, जिच्याबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नसते, ती सोय नव्हे. ती खूण होय. आनंदीबाईंना थंडीपासून पाय झांकावयाचे होते, महाडच्या स्त्रियांना अपमानापासून. दोघींनींही लुगडें घोट्यापर्यंत आणलें, आणि दोघींनाही तेंच खरें सुखाचें वस्त्र वाटलें. बाबासाहेब स्वतः बहुधा पूर्ण पाश्चात्य पोशाखांत असत, त्याचाही अर्थ यावरून ध्यानांत येईल. सुख हें केवळ कातड्याला कळतें असें नाहीं, मनालाही कळतें.

त्यानंतरचा बदल आपल्या घरांतच घडला. बालगंधर्वांनीं रंगभूमीवर नऊवारीचें वैभव इतकें वाढविलें कीं, कुलीन स्त्रिया त्यांच्या नेसण्याचें अनुकरण करीत. तरी हळूहळू शाळा-कॉलेजांतील मुली व नोकरी करणाऱ्या स्त्रिया पांच वारांच्या साडीकडे वळल्या. युद्धकाळीं कापडाची टंचाई झाली व १९४३ सालीं कापडावर सरकारी नियंत्रण आलें, तेव्हां चार वार वांचतात हा हिशेब कोणत्याही गृहिणीस समजावून सांगावा लागला नसेल. पहिल्या पिढीनें पांचवारीला ‘गोल साडी’ म्हणून नाक मुरडलें. पुढें तीच पांचवारी मर्यादेची मूर्ति ठरली आणि सलवार-खमिसावर नाक मुरडणें सुरू झालें. ज्या आजीनें पांचवारीसाठीं बोलणीं खाल्लीं तीच नातीला सलवारीसाठीं बोलूं लागली! आतां सलवार-खमीसही जुनें झालें आहे, आणि बोलणीं खाण्याची पाळी पुढच्या वस्त्राची आहे.

या ठिकाणीं एक स्वतःचा अनुभव सांगतों. मी ज्या एका शाळेंत शिकवीत होतों तेथें आसपासच्या खेड्यांतून मुली सायकलवर येत. त्यांचा गणवेष परकराच्या घाटाचा. चिखलांत चाकांत अडके, वाऱ्यानें उडे. मुलींनीं अर्ज केला कीं आम्हांस सलवार-खमीस असावा. तो अर्ज दोन वर्षें संस्कृतीच्या नांवाखालीं पडून राहिला. अखेरीस पालकांच्या सभेंत एक नऊवारी नेसलेली म्हातारी उठली आणि म्हणाली, ‘आम्ही कासोटा घालून शेतांत उतरलों, गाडी हांकली, तेव्हां कोणी संस्कृति विचारली नाहीं. पोरीचे दोन पाय दोन ठिकाणीं झांकले तर बिघडलें कुठें?’ सभेंत हंशा पिकला आणि ठराव संमत झाला. त्या बाईंस इतिहास ठाऊक नव्हता, परंतु सलवारींत तिला आपला कासोटाच पुन्हां दिसला होता.

यावरून असेंही कोणी समजूं नये कीं नवें तें सोयीचेंच. १९६० नंतर टेरिलीन आलें; इस्त्रीचा त्रास वांचला म्हणून आम्हीं त्याचें कौतुक केलें आणि वैशाखांत त्याच सदऱ्यांत घामानें निथळत राहिलों. थंड मुलखांतला काळा कोट आपल्या वकिलांनीं इतकीं वर्षें उन्हाळ्यांत वागविला. उच्च व सर्वोच्च न्यायालयें वगळून इतर न्यायालयांत उन्हाळ्यापुरती त्यांस सूट आहे, म्हणजे ऋतु नांवाची वस्तु नियमांनाही अखेर मान्य करावी लागली. परकी प्रतिष्ठा ही देशी प्रतिष्ठेइतकीच अंगाला टोंचते.

तेव्हां कपडा निवडतांना काय पहावें? मास्तरकीच्या संवयीनें चार प्रश्न सांगतों. हवा कोणती आहे? काम कोणतें आहे? हा धुणार कोण, आणि त्याला किती कष्ट पडतील? आणि तो अंगावर असतां मान ताठ राहते कीं खालीं जाते? पहिले तीन प्रश्न जुन्या लोकांनींही विचारले होते. म्हणूनच धोतर, पागोटें आणि लुगडें निर्माण झालीं. चौथा प्रश्न मात्र ज्याचा त्यालाच विचारतां येतो, दुसऱ्यानें त्याचें उत्तर देऊं नये. उद्यां सकाळीं ‘हा काय वेष?’ असा उद्गार आपल्या ओठांवर आला, तर क्षणभर थांबून फिलाडेल्फियाच्या थंडींत लुगडें घोट्यापर्यंत ओढणारी ती अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी डोळ्यांपुढें आणावी. मग उद्गाराऐवजीं एक साधा प्रश्न विचारावा: ‘यांत तुला बरें वाटतें ना?’ उत्तर ‘हो’ आलें, तर दार उघडून द्यावें.